पदावरून उतरताना

उन्हाळी परीक्षा संपत आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. प्रवेशाच्या आणि गुणांच्या प्रश्नांच्या जोडीला, वर्षभर महाविद्यालयात मंडळे चालवलेल्या, विद्यार्थी परिषदेत राबलेल्या आणि आता पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींची पत्रे येऊ लागतात. मी सव्वीस वर्षे शिकवले आणि त्यांतली बरीचशी वर्षे विद्यार्थी विकास विभागाचे काम पाहिले, त्यामुळे ही पत्रे मला विशेष जवळची वाटतात. या वेळी त्यांतली तीन घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण अनेकांची आहे आणि ती सहसा कोणी लिहून कळवत नाही.

प्रश्न : मॅडम, मी नाशिक जिल्ह्यातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेली दोन वर्षे मी विज्ञान मंडळाची प्रमुख होते आणि या वर्षी विद्यार्थी परिषदेची सचिव, म्हणजे आमच्याकडे सगळे म्हणतात तशी जी.एस., होते. माझी निवड निवडणुकीने झाली नाही. प्राचार्यांनी आणि शिक्षकांनी माझे नाव ठरवले. त्यामुळे काही मुले अजूनही तोंडावर म्हणतात, की तू सरांची जी.एस. आहेस, आमची नाहीस. राष्ट्रीय विज्ञान दिनाचे प्रदर्शन चांगले झाले, पण स्नेहसंमेलनात १४,२०० रुपयांची तूट आली. स्मरणिकेत जाहिरात देणाऱ्या दोघांनी जाहिरात छापून झाल्यावर पैसे दिले नाहीत, आणि जनरेटर ठरल्यापेक्षा चार तास जास्त चालला. मंडपवाले रोज फोन करू लागले, तेव्हा मी आणि दोन मैत्रिणींनी आपापले पैसे घालून ते देणे भागवले. घरी हे सांगितलेले नाही. शेवटच्या महिन्यात बहुतेक कामे मी एकटीनेच केली, कारण दुसऱ्याला सांगून ती वेळेवर होत नव्हती. या सगळ्यात माझे पाचव्या सत्राचे गुणही घसरले. पुढे मला स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत. मी जे केले त्याला नेतृत्व म्हणता येईल का, ते मुलाखतीत कसे सांगावे, आणि त्या पैशांचे आता काय करावे?

उत्तर : तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा मी आधी घेते, कारण त्याला मुदत आहे. मार्चअखेरचे हिशेब लेखापरीक्षणासाठी गेले की जुने कागद कोणी पुन्हा उघडत नाही, आणि तुम्हीही निकालानंतर महाविद्यालयात रोज येणार नाही. तेव्हा याच आठवड्यात तुम्ही तिघी एकत्र बसा. एका कागदावर डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च लिहा. जमेत महाविद्यालयाने दिलेली रक्कम आणि आलेल्या जाहिराती. खर्चात मंडप, ध्वनिव्यवस्था, जनरेटर, अल्पोपाहार, बक्षिसे आणि रिक्षाटेम्पोचे भाडे. प्रत्येक खर्चासमोर बिलाचा क्रमांक टाका, आणि जिथे बिल नाही तिथे पैसे घेणाऱ्याची सही असलेली साधी पावती आजही मागून घ्या. तिघींनी कोणत्या तारखेला किती रुपये घातले ते वेगळे लिहा. फोनवरून दिले असतील तर त्याची नोंद तुमच्याकडे आहेच. ज्या दोघांनी पैसे बुडवले त्यांची जाहिरात छापलेले स्मरणिकेचे पान सोबत जोडा. हे सगळे प्रभारी शिक्षकांमार्फत प्राचार्यांच्या नावे अर्जासह द्या, आणि स्वतःच्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

पैसे परत मिळतीलच असे मी सांगू शकत नाही. मिळाले तर उत्तम, काही भाग मिळाला तरी चांगलेच. पण हा अर्ज मी पैशांपेक्षा दुसऱ्या कारणासाठी करायला सांगते आहे. तुम्ही ते पैसे घातलेत ते मोठ्या मनाने, यात शंका नाही. तरीही ते चुकले असे मला वाटते. तूट तुमच्या पाकिटात दडली, की महाविद्यालयाच्या वहीत यंदाचे स्नेहसंमेलन ठरल्या रकमेत पार पडले अशीच नोंद राहते. पुढच्या वर्षी येणाऱ्या जी.एस.ला तेवढीच रक्कम मिळते, तिलाही तोच मंडप तेवढ्यात उभारायचा असतो, आणि फेब्रुवारीच्या एखाद्या रात्री ती मुलगी तुमच्यासारखीच मैत्रिणींकडे हात पसरते. तुमची तूट कागदावर दिसली तरच ते तिच्या वाट्याला येणे टळेल. आणि घरी सांगा. आईवडील रागावतील, पण हिशेबाच्या कागदासह सांगितलेत तर फार वेळ रागावणार नाहीत.

आता ‘सरांची जी.एस.’ या टोमण्याविषयी. नेमणूक कशी झाली यात तुमचा दोष नाही; तिची हकिगत पुढच्या उत्तरात येईल. मात्र त्या मुलांच्या बोलण्यातला एक भाग मी सोडून देणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते, तिची वर्षातून किमान चार वेळा बैठक व्हावी लागते, अंदाजपत्रकापासून सोयीसुविधांपर्यंतचे विषय तिच्यासमोर येतात, आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव हे तिचे सदस्य असतात. तुम्हाला त्या बैठकीचे बोलावणे आले होते का? आले असेल तर तुम्ही तिथे काय मांडलेत? मी पाहिलेल्या कितीतरी जी.एस.ना ही समिती असते हेच ठाऊक नव्हते, आणि जे जात ते दाराजवळच्या खुर्चीवर चहाचा कप हातात धरून बसत आणि सही करून परत येत. प्रयोगशाळा शनिवारी दुपारी बंद असते, मुलींच्या खोलीतल्या नळाला पाणी नाही, ग्रंथालय परीक्षेच्या काळात सहालाच बंद होते, या गोष्टी त्या टेबलावर ज्या मुलीने नेल्या ती मुलांची जी.एस., मग तिचे नाव कोणीही सुचवलेले असो. तुमच्याकडे अजून काही दिवस आहेत. निदान एक लेखी निवेदन त्या समितीच्या नावे देऊन ठेवा.

तुमच्या पत्रातले ज्या वाक्यापाशी मी सर्वात जास्त थांबले ते वाक्य पैशांचे नाही. ‘दुसऱ्याला सांगून ती वेळेवर होत नव्हती’ हे ते वाक्य. कामसू मुलीच्या तोंडी ते मी वर्षानुवर्षे ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटले आहे, कारण ते खरे असते आणि तरीही तिथेच गाडी अडते. पहिल्यांदा काम सोपवलेला मुलगा ते उशिरा करतो, अर्धवट करतो, कधी बिघडवतो. ते बिघडेल हे धरून चार दिवस आधीची तारीख देणे, मध्ये एकदा विचारणे आणि बिघडल्यावर त्याच्याकडूनच नीट करून घेणे हे तुमचे काम होते. तुम्ही त्याच्या हातातून काढून घेतलेत, कार्यक्रम छान झाला, आणि तो मुलगा काहीही न शिकता पुढच्या वर्गात गेला. आता पुढच्या वर्षीचे मंडळ कोण चालवणार, या प्रश्नाला तुमच्याकडे दोन नावे तरी आहेत का? नसतील, तर ती आत्ता शोधा.

माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगते. वाङ्मय मंडळाचा तो प्रमुख होता, बोलण्यात फारसा पुढे नव्हता, व्यासपीठावर तर तो कधी दिसलाच नाही. शेवटचा पेपर देऊन तो माझ्या खोलीत आला आणि त्याने टेबलावर दोनशे पानी वही ठेवली. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली. आत वर्षभराच्या नोंदी होत्या : पाहुण्यांना पत्र कधी पाठवले, उत्तर कधी आले, कोणते पाहुणे एसटीने येतात आणि कोणाला गाडी पाठवावी लागते, मंडपवाले बांबूचे पैसे वेगळे लावतात, आधी विचारून घ्यावे, सभागृहातला डावीकडचा माइक पाऊस असला की खरखरतो, सेवकमामांना कार्यक्रमाची वेळ आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगावी, फोन करू नये, त्यांना ते आवडत नाही. शेवटच्या दोन पानांवर त्याच्या स्वतःच्या तीन चुका होत्या, तारखांसकट. मी निवृत्त झाले तेव्हा ती वही सहाव्या प्रमुखाच्या हातात होती आणि तिला दुसरी वही दोऱ्याने शिवलेली होती. विद्यार्थी नेता म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर तो मुलगा येतो. तुम्हीही अशी वही लिहा. विज्ञान दिनाचे प्रदर्शन चांगले झाले असे तुम्ही एका ओळीत लिहिलेत. ते चांगले कशामुळे झाले हे त्या वहीत चार पानांत यायला हवे.

ही वही झाली की मुलाखतीचा प्रश्न निम्मा सुटतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुलाखतीला २०२५ पैकी २७५ गुण असतात. मुख्य परीक्षेपूर्वी भरायच्या सविस्तर अर्जात शाळा-महाविद्यालयात सांभाळलेल्या नेतृत्वाच्या पदांची माहिती विचारलेली असते, आणि उमेदवारात जे गुण पाहायचे ते आयोगाने सांगितले आहेत, त्यांत माणसांना एकत्र बांधण्याची आणि नेतृत्व करण्याची क्षमता आहे, तसाच बौद्धिक आणि नैतिक प्रामाणिकपणाही आहे. तेव्हा ‘माझ्यात नेतृत्वगुण आहेत’ यासारखी वाक्ये आत्ताच खोडून टाका. त्यांवर पुढचा प्रश्नच विचारता येत नाही. समजा, समोरच्यांनी विचारले, की जी.एस. असताना काय अडचण आली. तुमचे उत्तर असे असू शकते : स्नेहसंमेलनात १४,२०० रुपयांची तूट आली; जाहिरातीचे पैसे आधी न घेणे आणि जनरेटरचा दर ताशी ठरवून वेळेची मर्यादा न लिहिणे ही तिची कारणे; ती आम्ही तिघींनी आधी स्वतः भरली, नंतर ते योग्य नव्हते हे लक्षात आल्यावर लेखी हिशेब दिला, आणि पुढच्या परिषदेसाठी दोन्ही अटी लिहून ठेवल्या. यात बढाई नाही, रडगाणे नाही, आणि प्रत्येक शब्द तुम्ही पुराव्याने दाखवू शकता. ज्यांनी पैसे बुडवले त्यांची नावे मात्र तिथे घेऊ नका.

घसरलेल्या गुणांविषयी एवढेच, की सहावे सत्र अजून हातात आहे. या आठवड्याचे हिशेबाचे काम संपले की वही सोडून दुसरे काहीही अंगावर घेऊ नका, निरोप समारंभाचे सूत्रसंचालनसुद्धा नको.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वर्गप्रतिनिधी आहे. पुढच्या वर्षी अध्यक्षपदासाठी उभे राहायची इच्छा आहे, पण निवडणुका होणार की नाही हेच कोणी सांगत नाही. शिक्षक म्हणतात, निवडणुका म्हणजे मारामाऱ्या. एका पक्षाच्या संघटनेचे लोक म्हणतात, आमच्याकडे ये, खर्च आम्ही करतो. मी काय करावे?

उत्तर : तुमचे शिक्षक ज्या भीतीने बोलतात तिला इतिहास आहे. १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वातावरणात ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्यानंतर राज्यातल्या महाविद्यालयीन निवडणुका थांबल्या, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने वेगळी पद्धत आणली : आदल्या वर्षीच्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला विद्यार्थी वर्गप्रतिनिधी, क्रीडा, सांस्कृतिक, राष्ट्रीय सेवा योजना आणि छात्रसेनेतून प्रत्येकी एक, प्राचार्यांनी नेमलेल्या दोन विद्यार्थिनी, आणि या मोजक्यांनी आपल्यातून निवडलेला सचिव. मारामाऱ्या थांबल्या हे खरे. पण मी अशा परिषदा पाहिल्या आहेत जिथे वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला या कामाची मुळीच आवड नव्हती, तो पहिल्या बैठकीला येऊन सही करून गेला आणि पुन्हा फिरकला नाही, आणि ज्या मुलीभोवती सगळा वर्ग गोळा व्हायचा ती ४८ टक्क्यांमुळे बाहेरच राहिली. २०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुका पुन्हा आणल्या. २०१९ मध्ये त्या ठरल्या आणि विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या, आणि पहिल्या पत्रातल्या जी.एस.सारख्या नेमणुका चालूच राहिल्या. मी निवडणुकांच्या बाजूची आहे. अठरा वर्षांच्या मुलाला आमदार निवडता येतो, तर परिषदेचा अध्यक्षही निवडता आला पाहिजे.

आता संघटनेच्या पैशांविषयी. विद्यार्थी निवडणुकांसाठी माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने केलेल्या शिफारशी लागू करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये दिला. त्यांत उमेदवाराच्या खर्चाची कमाल मर्यादा ५,००० रुपये आहे, आणि विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने दिलेल्या पैशांखेरीज बाहेरचा पैसा वापरायला मनाई आहे. छापील भित्तिपत्रके चालत नाहीत, हाताने केलेली चालतात. ध्वनिक्षेपक आणि वाहने प्रचाराला नाहीत. पदवीच्या विद्यार्थ्याचे वय १७ ते २२, किमान ७५ टक्के उपस्थिती, त्या वर्षी एकही विषय राहिलेला नसावा, पदाधिकारीपदासाठी उभे राहण्याची संधी एकदाच, आणि निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब. या अटी नीट वाचल्या तर लक्षात येते, की हाताने रंगवलेला तक्ता आणि वर्गावर्गात जाऊन बोलण्याची तयारी एवढ्यावर शेतमजुराच्या मुलालाही निवडणूक लढवता यावी यासाठी त्या आहेत. तुम्हाला एखाद्या संघटनेचा विचार पटत असेल तर जरूर सभासद व्हा, त्यात काही वावगे नाही. पण ‘खर्च आम्ही करतो’ हे वाक्य ऐकलेत की नम्रपणे उठून या. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थ्यांचाच निवडणूक आयोग निवडणूक घेतो आणि मतदानाआधी अध्यक्षपदाच्या उमेदवारांना सगळ्यांसमोर बोलावे लागते, प्रश्नांना तोंड द्यावे लागते. तशी सवय आपल्याकडेही लागू शकते.

निवडणुका होतील तेव्हा होतील. तोवर वर्गप्रतिनिधी म्हणून एक गोष्ट तुमच्या हातात आहे. वर्गाच्या भित्तिपत्रकाचे संपादक, सहलीचे प्रमुख, क्रिकेट संघाचा कप्तान हे सगळे गुप्त मतदानाने निवडा. आमच्या विभागात भित्तिपत्रकाच्या संपादकासाठी मुलांनी बुटांच्या खोक्याला वर फट पाडून मतपेटी केली होती, चिठ्ठ्या वहीच्या पानांच्या होत्या, आणि मोजणी फळ्यावर सर्वांसमोर पाच-पाचच्या रेघांनी झाली. एका मताने हरलेल्या मुलीने मोजणी पुन्हा मागितली, ती पुन्हा केली गेली, ती पुन्हा हरली, आणि त्याच अंकासाठी तिने पहिला लेख लिहून दिला.

प्रश्न : माझा मुलगा सांगलीत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेत होता, शिबिरात गटप्रमुखही झाला. रक्तदान, वृक्षारोपण, गावात शिबिर, यातच त्याचा वेळ गेला आणि एक विषय राहिला. त्याच्या वडिलांचे म्हणणे आहे की हा सगळा वेळ वाया गेला. तुम्हाला काय वाटते?

उत्तर : राहिलेला विषय आधी सोडवायला हवा, याबाबत मी त्याच्या वडिलांच्या बाजूने आहे. त्याला सवलत देऊ नका. बाकी बाबतीत मात्र त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहावे अशी तिची रचना आहे. त्या सात दिवसांत गटप्रमुखाला पहाटे पाचला पन्नास मुलांना उठवायचे असते, ज्यांनी घरी कधी ताटही उचलले नाही त्यांच्याकडून भांडी घासून घ्यायची असतात, आणि सरपंचांपासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांशी गोड बोलून पाण्याचा टँकर मिळवायचा असतो. वाणिज्य शाखेच्या मुलाला पुढे बँकेत किंवा दुकानात हेच करावे लागणार आहे. वडिलांनी त्याला एकदा शेजारी बसवून त्या गावातल्या सात दिवसांत रोज काय केले एवढेच विचारावे, आणि मध्ये न बोलता ऐकावे.

एक काम मात्र लगेच करून घ्या. त्याच्या कार्यदैनंदिनीत तासांच्या नोंदी आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या सह्या पूर्ण आहेत का ते पाहा. २४० तास आणि शिबिर यांचे प्रमाणपत्र त्यावरच मिळते. मुले सह्या राहू देतात, मग अधिकारी बदलतात, आणि दोन वर्षांचे काम सिद्ध करायला कागदच उरत नाही.